“फक्त ही एक मॅच!”: गेम बंद करताना रोज होणाऱ्या भांडणाचं काय करायचं

वेळ ठरलेली असते. मुलाने ती कबूलही केलेली असते. पाच मिनिटं आधी आठवण दिलेली असते. तरी ऐन वेळेला “थांब ना”, “फक्त ही एक मॅच”, “आत्ता नाही सोडता येत, आई!” सुरू होतं. आपला आवाज चढतो, त्याचा त्याहून चढतो, कंट्रोलर आपटला जातो नाहीतर दार, आणि सगळी संध्याकाळ नासते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून तेच.

तुमची तक्रार अशी असेल तर पुढचं वाचा. भांडण मुळात किती वेळ खेळू द्यायचं यावरून होत असेल, किंवा अमुक गेम या वयाला चालेल का यावरून, तर तो प्रश्न वेगळा आणि त्याची उत्तरंही वेगळी. मी इथे फक्त बंद करतानाच्या त्या दहा मिनिटांबद्दल बोलते आहे, कारण घरातली कटुता बहुतेक तिथेच साचते.

दुपारी हेच मूल किती समजूतदार असतं ते आठवा. आठ म्हणजे आठ, हे त्याला पटलेलं असतं आणि त्याने ते मनापासून कबूल केलेलं असतं. पण आठ वाजतात तेव्हा तो गेममध्ये जिथे असतो, ती जागा सोडण्यासारखी नसते. आपण घड्याळ बघून ‘आता बस’ म्हणतो आणि गेम घड्याळावर चालत नाही. तो मॅचवर चालतो, लेव्हलवर चालतो, सेव्हवर चालतो. हट्ट, बेशिस्त, व्यसन हे शब्द तोंडात यायच्या आधी ही एक गोष्ट तपासून बघा, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. अनेक घरांत भांडण निम्मं इथेच ओसरतं.

पहिली तपासणी: गेम नेमका कुठे थांबतो?

मूल खेळत असताना एकदा शेजारी बसा. टोकायला नाही, बघायला. हा गेम पॉज होतो का? मध्येच सोडला तर काय हातचं जातं? सोबत कोणी खरीखुरी माणसं खेळताहेत का? एक फेरी साधारण किती वेळ चालते? मुलाला विचारलंत तर तो भरभरून सांगेल. आई-बाबांना गेमबद्दल ‘कधी संपणार’ याच्याखेरीज काही विचारायचं आहे, हेच मुलांना नवीन असतं.

उत्तरांवरून गेम कोणत्या जातीचा ते कळतं, आणि उपाय त्यावर ठरतो. घरात दोन मुलं दोन वेगळे गेम खेळत असतील तर दोघांना एकच नियम लावून चालणार नाही, हेही लगेच ध्यानात येईल.

मॅचचे गेम

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, म्हणून यावर जरा थांबते.

फ्री फायर, पबजी मोबाइल, फोर्टनाइट, व्हॅलोरंट, रॉकेट लीग हे सगळे या जातीचे. ऑनलाइन मॅचला पॉज नसतो, कारण एकाच वेळी इतर कितीतरी जण तीच मॅच खेळत असतात. फोर्टनाइटच्या बॅटल रॉयलमध्ये (शेवटी एकच जण किंवा एकच टीम उरेपर्यंत चालणाऱ्या मॅचमध्ये) १०० खेळाडू उतरतात आणि शेवटपर्यंत टिकलं तर मॅच २० ते २५ मिनिटं चालते. फ्री फायरमध्ये साधारण ५० जण असतात आणि मॅच त्यापेक्षा लहान, दहा ते पंधरा मिनिटांची. पबजी मोबाइलचा इरँगलसारखा मोठा मॅप अर्धा तास घेतो. व्हॅलोरंटमध्ये पाच विरुद्ध पाच, १३ राउंड आधी जिंकेल ती टीम विजयी. त्यात ३० ते ४० मिनिटं सहज जातात. रॉकेट लीगचं घड्याळ पाच मिनिटांचंच असतं, पण बरोबरी झाली की गोल होईपर्यंत जादा वेळ चालतो.

आता आठला पाच मिनिटं कमी असताना आपण खोलीत डोकावतो असं धरा. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात जिवंत खेळाडूंचा आकडा ९ वर आलाय. झोन, म्हणजे मैदानातली सुरक्षित जागा, आवळत चाललाय. टीममधला एक जण जखमी होऊन जमिनीवर सरपटतोय आणि हेडफोनमधून त्याचा आवाज येतोय, “रिव्हाइव्ह कर, रिव्हाइव्ह कर मला!”, म्हणजे मला परत उभं कर. मुलाने झाडाआडून, भिंतीआडून जपत जपत मॅच इथवर आणली आहे. नेमक्या या क्षणी मागून आपलं ‘बंद कर’ येतं. त्याने ऐकलं तर मित्र मरतो, रँकचे (गेममधल्या क्रमवारीचे) गुण जातात आणि दुसऱ्या दिवशी मित्रांचं ऐकून घ्यावं लागतं. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये रँकची मॅच अर्ध्यात सोडली तर गुण कापतात आणि काही काळ पुढची मॅच खेळू देत नाहीत. नाही ऐकलं तर आपण आहोतच. दोन्हीकडे दिलेला शब्द मोडतोय, आणि कोणता मोडायचा ते ठरवायला त्याच्याकडे काही सेकंद आहेत. आपल्याला बाहेरून दिसतो तो हट्ट. त्याच्यासाठी ती कोंडी असते.

उपाय: बंद करायची वेळ ठरवू नका, नवी मॅच सुरू न करायची वेळ ठरवा.

गणित सोपं आहे. बंद व्हायला हवं त्या वेळेतून त्या गेमची सगळ्यात लांब मॅच वजा करायची. आठला उठायचं असेल आणि गेम फोर्टनाइट असेल तर ७:३५ नंतर नवी मॅच नाही. पबजी मोबाइलचा मोठा मॅप असेल तर साडेसात. व्हॅलोरंट असेल तर ७:२०. रॉकेट लीग असेल तर ७:५०. त्या वेळेच्या आधी सुरू झालेली मॅच मात्र पूर्ण खेळू द्यायची, मग ती आठच्या पुढे दोन-चार मिनिटं गेली तरी. ही सवलत नव्हे, हा नियमाचाच भाग आहे, आणि तो आपण पाळला तरच मूल आपला भाग पाळेल.

‘दोनच मॅच’ असा नियम बरेच जण करतात. बॅटल रॉयलमध्ये तो टिकत नाही. उतरल्या उतरल्या मेलं तर मॅच दोन मिनिटांत संपते, आणि मग “ती मॅच धरायची नाही” यावर नवं भांडण सुरू होतं. सुरू करायच्या वेळेत असा वाद निघत नाही. ७:३५ झाले की झाले.

यात एक फट राहते आणि ती आधीच बुजवलेली बरी. ७:३६ ला मेलं तर आठपर्यंतच्या वेळाचं काय? मुलाला वाटतं आपली २४ मिनिटं गेली. तेव्हा आधीच सांगून ठेवा की तो वेळ त्याचाच आहे, फक्त मॅच नाही: ट्रेनिंग ग्राउंडवर नेमबाजी कर, क्रिएटिव्हमध्ये (मोकळेपणाने बांधायच्या भागात) काहीतरी बांध, स्किन (खेळाडूचे पोशाख) बघ, मित्राची मॅच बघ. यातलं काहीही कुठल्याही क्षणी सोडता येतं. खरं तर खेळण्याचा क्रमच असा लावावा: आधी रँकची मॅच, मग साधी, शेवटी हे हलकंफुलकं. जिथे काही गमवायचं नाही तिथून उठणं कोणालाही सोपं जातं.

“मेलास ना, मग झालं की, बंद कर” असं म्हणण्याआधीही जरा बघा. फोर्टनाइटमध्ये मेलेल्या साथीदाराला रीबूट व्हॅनपाशी परत उभं करता येतं, त्यामुळे टीम जिवंत असेपर्यंत त्याची मॅच संपलेली नसते. व्हॅलोरंटमध्ये तर मेलेला खेळाडू पुढच्याच राउंडला परत येतो.

बोलायची वेळ म्हणजे लॉबी: एक मॅच संपून दुसरी सुरू व्हायच्या आधीची स्क्रीन. मॅच चालू असताना दिलेली सूचना कानात शिरते, डोक्यात पोचत नाही. आणि मॅच कुठवर आली आहे हे आपल्यालाही वाचता येतं. बॅटल रॉयल असेल तर किती जण उरलेत तो आकडा. व्हॅलोरंटमध्ये वर मध्यभागी दोन्ही टीमचा स्कोअर: १२-५ असेल तर संपत आलीय, ६-६ असेल तर अजून वेळ आहे. रॉकेट लीगमध्ये वर उलटं चालणारं घड्याळ. एवढं कळलं की आपण “झालं का?” विचारत नाही, “किती जण राहिले?” विचारतो, आणि त्याला मिळणारं उत्तरही वेगळ्या सुरातलं असतं.

माइक चालू असतो, हेही विसरू नका. आपण दारातून ओरडतो ते टीममधल्या सगळ्यांना ऐकू जातं, त्यात वर्गातली मुलंही असतात. चारचौघांत झालेला तो अपमान तो खोलीबाहेर येऊन आपल्यावर काढतो. खांद्यावर हात ठेवा, बोटाने घड्याळ दाखवा, पुरतं.

७:३५ चा अलार्म मुलाने स्वतः लावायचा, त्याच्या फोनवर किंवा टेबलावरच्या घड्याळात. आणि खेळायला बसतानाच मित्रांना सांगून टाकायचं, “माझी शेवटची मॅच साडेसातची.” आपण बोलावलं म्हणून उठणं मुलांना कमीपणाचं वाटतं, आधी स्वतः सांगितलं असेल तर मित्रच म्हणतात, “अरे, याची शेवटची आहे, सांभाळून खेळा.” रोजच्या टीममधल्या एक-दोन मुलांच्या पालकांशी बोलून सगळ्यांची वेळ जवळपास एक करता आली तर फारच उत्तम. मुलं एकत्र उठली की कोणाचं काही हुकत नाही.

सेव्ह होणारे गेम

गोष्ट असलेले, कोडी असलेले, एकट्याने खेळायचे गेम. इथे वेळेपेक्षा जागा महत्त्वाची. काही गेम कुठेही सेव्ह होतात, काही ठरावीक टप्प्यावरच. “पुढचा सेव्ह पॉइंट आला की सांग” हे वाक्य इथे कामाला येतं. टप्पा फार लांब असेल तर कन्सोल पूर्ण बंद न करता स्लीपवर टाकता येतो. निन्टेन्डो स्विचचं पॉवर बटण दाबलं की गेम आहे त्या क्षणी गोठतो आणि उद्या तिथूनच सुरू होतो. प्लेस्टेशन ५ च्या रेस्ट मोडमध्ये आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एसच्या क्विक रिझ्यूममध्येही अशी सोय आहे. एकट्याने खेळायचा गेम असेल तर “मध्येच कसा सोडू” या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा या बटणात असतं.

पण स्विचवर असा गोठवलेला गेम एकच राहतो. धाकट्याने मागून दुसरा गेम सुरू केला की पहिला बंद होतो आणि न सेव्ह केलेलं सगळं जातं. भावंडांच्या घरात भांडण इथूनही उठतं आणि आपल्याला कारण कळत नाही. उपाय: कन्सोल दुसऱ्याच्या हातात जायच्या आधी सेव्ह करायचंच. आणि रागाच्या भरात प्लग ओढायचा नाही, कधीच नाही. त्याने मुलाचं कालचं आणि आजचं, दोन्ही जाऊ शकतं.

माइनक्राफ्ट या जातीतला, पण त्याची गंमत समजून घेण्यासारखी आहे. माझी मुलगी एरवी शांतपणे उठते, एखाद्या दिवशी मात्र “नाही, नाही, आत्ता नाही!” असं किंचाळते. कारण तिच्याकडून समजून घेतलं. खेळाडू मेला की त्याच्याजवळचं सगळं सामान तो मेला तिथे जमिनीवर सांडतं, आणि पाच मिनिटांत उचललं नाही तर नाहीसं होतं. कित्येक तास खणून मिळवलेले हिरे तिथे पडलेले आहेत, ती धावत तिकडे निघाली आहे, आणि आपण म्हणतो चल, ऊठ. हे कळल्यावर उपायही सापडतो. एकट्याच्या जगात ‘सेव्ह अँड क्विट’ केलं की ती पाच मिनिटंही तिथेच थांबतात. जग बंद असताना सामान नाहीसं होत नाही. उद्या उघडलं की उरलेला वेळ तिच्या हातात असतो. मित्रांच्या सर्व्हरवर मात्र तिथे आसपास दुसरा खेळाडू असेल तर वेळ पुढे सरकत राहतो, तेव्हा तिथे तिला जाऊन सामान उचलू द्यावं. पाच मिनिटांचाच प्रश्न आहे.

आमच्याकडे माइनक्राफ्टचा शेवट गेममधल्या रात्रीला बांधला आहे. तिथला एक दिवस आपल्या २० मिनिटांचा असतो. अंधार पडला की घरी यायचं, सामान चेस्टमध्ये (पेटीत) ठेवायचं, बेडवर झोपायचं, सकाळ झाली की सेव्ह करून बाहेर. गेममधला बेड हेच पुढे कधी मेल्यावर परत उभं राहण्याचं ठिकाण असल्यामुळे तिलाही असं आवरून निघणं आवडतं.

अगदी लहान मुलांना मॅच, सेव्ह हे काही समजत नाही. त्यांच्यासाठी मुळातच छोटे तुकडे असलेला गेम निवडावा. मारियो कार्टची रेस काही मिनिटांत संपते. ‘अजून एक रेस’ हे चार-पाच वर्षांच्या मुलालाही मोजता येतं.

ज्यांना शेवटच नाही ते गेम

रोब्लॉक्समध्ये लोकांनी बनवलेले असंख्य गेम आहेत आणि त्यातल्या बऱ्याच गेमना शेवट नसतो: पाळीव प्राणी वाढवा, दुकान वाढवा, नाणी जमवा. मोबाइलवरचे कित्येक गेम असेच. इथे मॅचचा नियम चालत नाही, कारण मॅचच नाही. इथे घड्याळच लावावं लागतं, पण त्याच्या जोडीला एखादं काम ठरवून घ्यावं: “आज काय करायचंय?” “माझ्या दुकानाचा दुसरा मजला.” तो झाला की थांबायची जागा आपोआप तयार होते.

या गेममध्ये आणि मॅचच्या गेममध्येही रोज परत बोलावण्याच्या युक्त्या असतात. रोज लॉगिन केलं तर बक्षीस, एक दिवस चुकला तर माळ तुटते. बॅटल पासची, म्हणजे ठरावीक दिवसांत खेळून मिळवायच्या बक्षिसांची, मुदत. कँडी क्रशमध्ये पाच जीव संपले की अर्ध्या तासाने एक परत मिळतो, म्हणजे अर्ध्या तासाने मूल पुन्हा फोनकडे बघणारच. मूल कमकुवत मनाचं आहे म्हणून हे होत नाही. मोठमोठ्या टीम बसून हे आखतात आणि मोठी माणसंही त्यात अडकतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२२ मध्ये फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली, त्यातले २४.५ कोटी नको असलेली खरेदी करायला लावणाऱ्या मांडणीबद्दल ग्राहकांना परत करायचे होते, उरलेले मुलांच्या खाजगी माहितीबद्दलचा दंड म्हणून. एवढ्या ताकदीसमोर नऊ-दहा वर्षांचं मूल एकटं उभं आहे, हे लक्षात ठेवलं तर आपला राग बराचसा योग्य दिशेला वळतो.

रोजच्या बक्षिसाचं भांडण सोडवायची युक्ती क्रमाची आहे. डेली मिशन (त्या दिवसाचं बक्षिसाचं काम) आधी करून घ्यायचं, मग बाकीचा खेळ. नाहीतर ते शेवटच्या पाच मिनिटांत आठवतं आणि “आज नाही केलं तर जाईल” हे अगदी खरं असतं. प्रवासाच्या किंवा परीक्षेच्या दिवसांत माळ तुटू द्यायची की दोन मिनिटं देऊन राखायची, हे मुलालाच ठरवू द्या. तुटू दिलेली माळ दोन दिवसांनी कोणालाही आठवत नाही, हा अनुभव त्याने स्वतः घ्यायला हवा.

हरल्यावर सुटत नाही

वेळेचा नियम व्यवस्थित चाललाय, पण ठरावीक दिवशीच स्फोट होतो? मग शेवटची मॅच जिंकली होती की हरली, ते बघा. लागोपाठ हरलेल्या मुलाला गेम बंद करायचा नसतो, हार पुसायची असते. रँक खाली गेलेली बघून झोपायला जायचं त्याच्या जिवावर येतं. खेळणारी मुलं याला ‘टिल्ट’ म्हणतात, आणि टिल्टमध्ये खेळलेली पुढची मॅच बहुधा हरलीच जाते, हेही त्यांना ठाऊक असतं.

अशा वेळी “गेमच तर आहे” हे वाक्य टाळा. त्याच्या लेखी तो तासाभराचा प्रयत्न होता. “कोणी मारलं? कुठून आला तो?” असं विचारा आणि ऐकून घ्या. हार कोणाला तरी सांगून झाली की ती निम्मी होते. सलग दोन रँकच्या मॅच हरल्या की त्या दिवशी तिसरी रँकची नाही, असं मुलानेच ठरवावं, आणि ते शांत असताना, दिवसा ठरवावं.

टायमर लावलाय, तरी काम करत नाही

पेरेंटल कंट्रोल लावूनही मूल खेळत राहतं, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा सेटिंग अर्धवट असतं. स्विचच्या पालकांसाठीच्या ॲपमध्ये वेळ संपल्यावर फक्त सूचना दिसते. गेम खरोखर थांबायला हवा असेल तर तसा वेगळा पर्याय चालू करावा लागतो. प्लेस्टेशनवरही ‘फक्त कळवा’ आणि ‘लॉगआउट करा’ असे दोन पर्याय आहेत. आयफोन-आयपॅडच्या स्क्रीन टाइममध्ये ‘ब्लॉक ॲट एंड ऑफ लिमिट’ चालू नसेल तर मूल मर्यादा ओलांडून सरळ पुढे जातं, आणि पासकोड त्याला माहीत असेल तर सगळंच व्यर्थ.

मग हे बघा: मर्यादा कशावर लागली आहे? गुगल फॅमिली लिंकची रोजची मर्यादा प्रत्येक डिव्हाइसवर वेगळी चालते, म्हणजे फोनवर एक तास संपला की टॅबवर दुसरा तास सुरू. स्विचची मर्यादा उलट, त्या कन्सोलवर खेळणाऱ्या सगळ्यांना मिळून. थोरलीने वेळ संपवला तर धाकट्याला काहीच उरत नाही, आणि तो तक्रार करतो ती रास्त असते. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर मूल आपल्याच अकाउंटवरून खेळत असेल तर मुलांचे नियम लागणारच नाहीत. त्याचं स्वतःचं, खऱ्या वयाचं अकाउंट काढा. एवढं सगळं बरोबर असूनही चालत नसेल तर डिव्हाइसचं घड्याळ आणि टाइम झोन कोणी बदललाय का ते पाहा.

टायमर लावायचा तो ठरलेल्या वेळेच्या दहा-पंधरा मिनिटं पुढे. आठला उठायचं असेल तर कन्सोल सव्वाआठला बंद होऊ दे. रोज तो चालू व्हायची वेळच येता कामा नये. चालत्या मॅचमध्ये स्क्रीन काळी होणं म्हणजे आधी सांगितलेली ती कोंडी पुन्हा आणणं, आणि आता त्यात बोलायला समोर माणूसही नाही. राउटर बंद करून टाकण्याचंही तेच. नेट तोडलं की गेमच्या लेखी मुलाने मॅच सोडली, दंड त्याला बसतो. राउटर रात्री ठरलेल्या वेळी, सगळ्यांना सांगून, घरातल्या सगळ्यांसाठी बंद करायचा असेल तर जरूर करा.

उठल्यानंतरची पंधरा मिनिटं

मॅच संपवून उठलेलं मूल अजून मॅचमध्येच असतं. छाती धडधडत असते, हात अस्वस्थ असतात. त्याच मिनिटाला “चल, गणित काढ” म्हटलं तर नुकत्याच शांत झालेल्या भांडणाला नवं निमित्त मिळतं. मध्ये काहीतरी शरीराचं असू द्या: पाणी, अंघोळ, जिन्यावरून एक चक्कर, घरातलं हातासरशी होणारं काम. खेळ संपायची वेळ आणि झोपायची वेळ यांत किमान तासभराचं अंतर ठेवा. झोप कमी झालेलं मूल दुसऱ्या दिवशी जास्त चिडतं, आणि मग ते चिडणं आपण गेमच्या खात्यावर मांडतो.

नियम एखाद्या दिवशी मोडणारच. दुसऱ्या दिवशी शेवटच्या मॅचची वेळ तेवढी अलीकडे घ्या आणि विषय तिथेच संपवा. आठवडाभर गेम बंद अशी मोठी शिक्षा दिली की मुलाकडे जपायला काही उरत नाही. नियम पाळण्याचं कारणच आपण काढून घेतलेलं असतं.

हे सगळं करूनही फरक पडत नसेल

दोन-तीन आठवडे नियम नीट पाळून बघा, आपल्याकडूनही. तरी काहीच सुधारणा नसेल तर प्रश्न थांबण्याच्या जागेचा नसून आणखी खोल असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत गेमिंग डिसऑर्डरचा समावेश केला. ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात तीन गोष्टी बघतात: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्या आवडी आणि रोजचे व्यवहार मागे पडून गेम पुढे येतो, आणि नुकसान होतंय हे दिसत असूनही खेळणं चालू राहतं किंवा वाढतं. हे साधारण १२ महिने टिकून, घर, शाळा, मैत्री यांवर ठळक परिणाम झालेला असावा लागतो. ‘फक्त ही एक मॅच’ म्हणणारी बहुतेक मुलं यात बसत नाहीत. पण मूल शाळा टाळू लागलं, मित्र आणि आवडते खेळ सोडून दिले, रात्रभर लपून खेळू लागलं, किंवा बाकी सगळ्यातून उदास दिसू लागलं तर १२ महिने वाट बघायची नाही. गेम हे कारण नसून आडोसा असण्याचीही शक्यता असते. शाळेत होणारा त्रास, एकटेपणा, भीती, काहीही.

समुपदेशकाकडे किंवा बालमानसतज्ज्ञाकडे जाताना आठवडाभराची नोंद बरोबर न्या. कोणता गेम, कोणाबरोबर, किती वाजता सुरू, शेवटची मॅच कधी संपली, जिंकली की हरली, उठताना काय झालं, त्या रात्री झोप किती लागली, त्या दिवशी शाळेत काही घडलं होतं का. नोंद मुलाला दाखवूनच ठेवा, आणि त्याला वेगळं काही लिहायचं असेल तर शेजारी एक रकाना मोकळा सोडा.